बोर्डाच्या गाळ्यापासून गल्लीच्या भिंतीपर्यंत : आमची वाटचाल

अक्षरलेखन, शाडूकाम आणि भिंतीवरची चित्रे लोकांना शिकवण्याच्या आमच्या व्यवसायाची शॉप अ‍ॅक्टखाली नोंदणी 2016 सालची आहे; पण ज्या पत्त्यावर ती झाली, तो कोल्हापुरातील शुक्रवार पेठेतला गाळा त्याआधी तीस वर्षे अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, बोर्ड रंगवण्याचा होता. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या फळ्या, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, निवडणुकीतली चिन्हे आणि गणेशोत्सवातल्या देखाव्यांचे पडदे या कामांवर आमचे घर चालले. पुढे फ्लेक्सची छपाई आली आणि ज्या बोर्डाला अप्पांना दोन दिवस लागत, तो तासाभरात निम्म्याहून कमी पैशांत मिळू लागला. जी. डी. आर्ट ही कलेची पदविका करून मी एका शाळेत कलाशिक्षिका म्हणून नोकरी धरली, तेव्हा गाळा जवळजवळ बंदच होता.

नोकरी सोडून मे महिन्याच्या सुट्टीत त्याच गाळ्यात मी अक्षरांची पहिली कार्यशाळा घेतली. अकरा मुले आली होती. शिकवण्याचा मुख्य भाग अप्पांकडे होता आणि त्यांनी सुरुवात केली ती दोरीपासून. फळीच्या दोन टोकांना दोरी ताणून तिला निळीची पूड चोळायची आणि मधोमध चिमटीत धरून झटकन सोडायची, की फळीवर सरळ निळी रेघ उमटते. ही आपली शिरोरेषा. अक्षर या रेघेला टांगायचे असते, खालच्या रेघेवर उभे करायचे नसते, हे अप्पांचे वाक्य मुलांना एका दुपारी कळले. मला मात्र पाच वर्षांच्या पदविकेत कोणी ते इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते. मोबाइलवर सतत दंडाचा ‘ल’ पाहणाऱ्या मुलांना मराठीतला पाकळीचा ‘ल’ ब्रशने काढताना जी गंमत वाटते, ती अजूनही कमी झालेली नाही.

त्याच कार्यशाळेत आमच्या हातून एक चूक झाली आणि आमच्या कामाचा पहिला नियम तिच्यातूनच निघाला. एका मुलीने पाटीवर आपल्या आजीचे नाव लिहिले होते आणि त्यातला ‘ळ’ एका बाजूला कलंडला होता. अप्पांनी सवयीने तिच्या हातातला ब्रश घेतला आणि दोन फटकाऱ्यांत तो सरळ करून दिला. अक्षर फार देखणे झाले. पण संध्याकाळी आई न्यायला आली, तेव्हा “हे मी नाही काढलं, आजोबांनी काढलंय” असे म्हणून ती मुलगी पाटी तिथेच ठेवून गेली. ती पाटी आजही गाळ्यात आहे. शिकणाऱ्याच्या कामाला शिकवणाऱ्याने हात लावायचा नाही, असे त्या रात्री मी अप्पांना सांगितले आणि ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतःची वेगळी फळी घेऊन मुलांच्या शेजारी बसले. दाखवायचे ते स्वतःच्या फळीवर दाखवायचे, ही पद्धत तेव्हापासून आहे.

पैशांच्या बाबतीत शहाणपण यायला अधिक वेळ लागला. वस्तीत, वाचनालयात किंवा महिलांच्या बचत गटात जाऊन काम करतो म्हटले, की ते फुकट असणार असे समोरच्याने धरलेलेच असते. एका शाळेने एकशे वीस मुलांना एका तासात शाडूचे गणपती शिकवायला बोलावले होते. शाडू आधल्या दिवशी भिजवून, मळून न्यावी लागते. सोंड आणि मान जोडताना दोन्ही बाजूंना चरे पाडून पातळ माती लावली नाही, तर सुकताना तिथेच तडा जातो. आणि ऐन पावसाळ्यात मूर्ती सावलीत सुकायला आठ-दहा दिवस सहज लागतात. यातले काहीच एका तासात मावत नव्हते आणि मी तरीही हो म्हटले, हा दोष माझा. निम्मे गणपती तिसऱ्या दिवशी तडकले आणि मानधन सात महिन्यांनी आले. आता एका शिकवणाऱ्यामागे सोळापेक्षा जास्त माणसे आम्ही घेत नाही, साहित्याचा खर्च वेगळा लावतो आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा आणि दहावीच्या वाढीव गुणांचा याने फायदा होईल का, असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही स्पष्टपणे नाही म्हणतो. 2022 साली लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, तेव्हा हाताने लिहिलेल्या पाट्यांना बरे दिवस येतील असे आम्हाला वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेक काम अ‍ॅक्रिलिकच्या कापीव अक्षरांकडे गेले आणि आमच्या वाट्याला मोजक्या पाट्या आल्या.

ज्या कामामुळे लोक आम्हाला ओळखू लागले, ते काम पुरातून आले. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट आहे. गाळ्यात पाणी शिरले, रंगाचे डबे तरंगत दारापर्यंत आले आणि अप्पांनी वर्षानुवर्षे सुईने टोचून तयार केलेले कागदी खाके, म्हणजे चित्र उतरवून घ्यायचे नमुने, लगदा होऊन गेले. ते दुःख त्यांनी बोलून दाखवले नाही. पुढच्या जानेवारीत शेजारच्या गल्लीतल्या तरुण मंडळाने उरलेल्या वर्गणीतून एक लांब भिंत रंगवून मागितली. मी रंकाळा, कुस्ती आणि शाहू महाराज असे ठरलेले चित्र कागदावर काढून बैठकीला नेले. सगळ्यांनी माना डोलावल्या, फक्त मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “पाणी कुठवर आलतं ते आधी काढ, मग तुझी फुलंबिलं काय ती काढ.” माझा कागद तिथेच गुंडाळला गेला.

मग प्रत्येक घरातून पाण्याची खूण सांगितली जाऊ लागली. कोणी कोनाड्यापर्यंत म्हणत होते, कोणी विजेच्या मीटरपर्यंत, आणि दोन भावांच्या घरांत तर हातभर फरक निघून वाद लागला. गल्लीतल्याच एका गवंडीकाकांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून एकेका घराची खूण भिंतीवर उतरवली. बहुतेक खुणा एका रेघेत आल्या आणि वाद मिटला. दोरीला नीळ चोळून ती रेघ मारली, आणि तिच्या वर-खाली काय काढायचे ते घरोघरच्या माणसांनी ठरवले : माळ्यावर चढवलेली शेगडी, होडीतली म्हैस, पत्र्यावर बसलेले मांजर. चित्रे बायकामुलांनी काढली आणि आम्ही फक्त रंग कालवून दिले.

भिंत मात्र आमच्यामुळे बिघडली. “भिंत अजून पाणी प्यालेली आहे, उन्हाळा जाऊ दे,” असे अप्पा सांगत होते. मंडळाला शिवजयंतीला उद्घाटन हवे होते, म्हणून मी घाईने प्रायमर मारला. पावसाळ्यात खालच्या दोन फुटांना लोणा फुटला आणि रंगाचे पोपडे निघाले. दुरुस्ती आम्ही स्वखर्चाने केली. खालचा पट्टा खरवडून तिथे तेव्हापासून फक्त चुना ठेवला आहे.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आले. ते ओसरल्यावर नवी खूण घ्यायला अप्पा आणि मी नळी घेऊन गेलो, तर गल्लीतल्या पोरांनी आधीच दोरी ताणून त्या वर्षाची रेघ मारून ठेवली होती. अप्पांनी नळी लावून पाहिली. उजव्या टोकाला रेघ अर्धा इंच खाली गेली होती. मी ओल्या फडक्याने तेवढा भाग पुसायला पुढे झाले, तर अप्पांनी माझे मनगट धरले आणि म्हणाले, “हात लावायचा नाही असं तूच ठरवलंयस ना?”