नाल्याच्या अलीकडे, पलीकडे

औसा तालुक्यातल्या आमच्या शेतातून एक नाला जातो, आणि पावसाळ्यात अण्णांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुझं कम्प्युटर काय म्हणतंय, अलीकडं पडंल का पलीकडं?" वातावरणाची आणि महासागरांची मॉडेल चालवण्यात माझी तीस वर्षे गेली, पण या प्रश्नाचे उत्तर मला एकदाही देता आलेले नाही.

मॉडेलला नाला दिसत नाही, त्याला चौकोन दिसतात. पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकायची, प्रत्येक चौकोनाला एकच वारा आणि एकच पाऊस द्यायचा, आणि काही मिनिटांचे एकेक पाऊल टाकत गणित पुढे न्यायचे. मी या कामाला लागलो तेव्हा चौकोन सुमारे दीडशे किलोमीटरचा होता, म्हणजे लातूर, परभणी आणि नांदेड या तिन्ही शहरांना मिळून जेमतेम एक आभाळ. पुढे तो बारा किलोमीटरवर आला आणि २०२५ मध्ये सहावर. ही गोगलगाईची चाल वाटेल, पण चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि पाऊलही निम्मे करावे लागते, म्हणजे काम आठपट. पाऊल तेवढेच ठेवले तर वारा एका दमात अख्खा चौकोन ओलांडतो आणि हिशेबच फुटतो. नवखेपणी मी हा पराक्रम केला होता. रात्रभर चालवलेल्या मॉडेलमध्ये पहाटे ध्वनीपेक्षा वेगवान वारे सुटले होते. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसनने १९१० मधल्या एका दिवसाच्या हवामानाचे गणित हाताने मांडले, तेव्हा सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढल्याचे उत्तर आले, आणि प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. चुकीचे कारण निराळे होते, पण ते उत्तर त्याने १९२२ मध्ये जसेच्या तसे छापले, याचा मला त्या पहाटे फार आधार वाटला.

गंमत अशी की मॉडेलला शिवारापेक्षा समुद्र बरा कळतो. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो, म्हणून त्याच्याबद्दल काही महिने आधी बोलता येते. २०१५ मध्ये प्रशांत महासागर तापला, एल निनो आला, देशात सरासरीच्या ८६ टक्केच पाऊस झाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. तो समुद्र अण्णांनी नकाशातही पाहिलेला नाही. उलट त्यांच्या डोक्यावरचा वळवाचा ढग जेमतेम काही किलोमीटरचा. चौकोनात तो मावून जातो आणि आम्ही त्याच्या जागी एक अंदाजाचे सूत्र बसवतो.

गेल्या आषाढात माझ्या पडद्यावर आमच्या चौकोनात बारा मिलिमीटर पाऊस दिसत होता. सकाळी अण्णांचा फोन आला; खुरप्याने माती उकरूनच बोलत असावेत. "पलीकडं चार बोटं ओल गेली, अलीकडं धूळ बी दबली नाही."

सरासरी काढली तर मॉडेल बरोबर होते, पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. सोयाबीन अलीकडे पेरलेले होते.