डबा जिन्यात उचलून बघा

कार्यक्रम संपून मी डबल बेसला, म्हणजे उभं धरून वाजवायच्या अजस्र व्हायोलिनला, खोळ चढवत असतो, तेव्हा कोणीतरी हमखास जवळ येतं. श्रोता असेल तर प्रश्न ठरलेला, "हे चेलो ना?" वाजवणारा असेल तर त्याचं वाद्याकडे लक्षच नसतं. तो माझ्या पायाशी ठेवलेल्या काळ्या डब्याकडे वाकून बघतो, मागून बघतो, एका हाताने उचलून बघतो. मग विचारतो, "एवढ्याशा डब्यातून एवढा खर्ज? मलाही डबल बेससाठी हलकं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

टॅक्सी दारात उभी असते, म्हणून मी "हलकं बघून घ्या" म्हणतो आणि सुटतो. ते उत्तर अर्धवट आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आता निवांत बसून लिहितो.

आधी जिना. मी गिरगावात चाळीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, दोन वळणं, दुसऱ्या वळणावर कोणाची तरी सायकल. डबल बेस खोळीसकट बारा किलोच्या आसपास. वजनाचं काही नाही, पण सहा फुटी धूड वळणावर तिरकं करावं लागतं, त्यात एक हात पूर्ण जातो. उरलेल्या हातात काय मावेल, तेवढंच माझं बाकीचं बिऱ्हाड. सुरुवातीची सहा वर्षं मी 15 इंची स्पीकरचा कॉम्बो वापरला, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत. वजन 29 किलो. आधी तो खाली न्यायचा, पानवाल्याकडे सोपवायचा, पुन्हा वर यायचं, बेस घ्यायचा, खाली उतरायचं. रात्री एक वाजता हेच सगळं उलट, आणि तेव्हा पानवाला नसतो. चाळिशीत कंबरेने निकाल दिला. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, संगीत. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. अँपेग हे बेस अँपमधलं जुनं नाव. ते नाव पडलं 'अँप्लिफाइड पेग'वरून. एव्हरेट हल हा स्वतः डबल बेस वाजवणारा. 1946 च्या सुमारास त्याने वाद्य ज्या खुंटावर उभं राहतं त्या खुंटाच्या वरच्या टोकाला, वाद्याच्या पोटात, मायक्रोफोन बसवला. म्हणजे त्या कंपनीचा जन्मच डबल बेस ऐकू येत नाही या तक्रारीतून झाला. पुढे त्याच कंपनीने आठ 10 इंची स्पीकरांचं कपाट काढलं, साठ किलोंच्या वरचं. रॉकवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. मी कशाला घेतोय?

आता डब्याकडे येऊ. स्पीकर बनवणाऱ्यांत एक नियम हॉफमनच्या नावाने चालतो. केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच' तो हाच. पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि थोड्या वॉटमध्ये आवाज दणकट हवा, या तीन मागण्यांतल्या दोनच पुऱ्या होतात. जाहिरात तिन्ही देते म्हणाली तर कुठलं तरी एक पान फाडलेलं आहे असं समजा.

मी यातला खोल खर्ज सोडतो. डबल बेसवाल्याने खर्ज सोडायचा हे ऐकून तुमच्या भुवया वर गेल्या असतील, माझ्याही गेल्या होत्या. आपली सगळ्यात जाड तार, ई, 41 हर्ट्झवर बोलते. ए 55, डी 73, जी 98. दहा इंची लहान डबा 41 हर्ट्झ पूर्ण ताकदीने देत नाही. पण एक करून बघा. मोबाइलवर काळी एकचा तंबोरा लावा. त्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झची, आपल्या ए आणि डीच्या मधली. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून 69 हर्ट्झ येणं शक्यच नाही. तरी चौथी तार छेडली गेली की तुम्हाला खर्जाचा सा कळतोच. त्याच तारेतून आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर ऐकून कान खालचा स्वर आपल्या खिशातून भरतो. डबल बेसमध्ये तर या वरच्या स्वरांची श्रीमंती असते. लहान डब्याने 80 ते 800 हर्ट्झचा पट्टा स्वच्छ दिला, तर लोकांना खर्ज ऐकू येतो आणि तुमचं लाकूडही ऐकू येतं. मोठ्या डब्यात बरेचदा नुसतं घुमणं ऐकू येतं.

दुसरं कारण मला एका हॉटेलात कळलं. जेवणाच्या दालनात लाकडी फळ्यांचा स्टेज, आतून पोकळ. त्या दिवशी मी मित्राचा मोठा डबा आणला होता, दोन 10 इंची स्पीकरांचा, खर्ज असा की काय सांगू. दुसऱ्या गाण्यात मी मोकळी ए वाजवली, तार हाताने दाबून बंद केली, तरी ए चालूच. डब्यातला आवाज फळ्यांतून खुंटात, खुंटातून वाद्याच्या पोटात, पोटातून पिकअपमध्ये, म्हणजे वाद्याचा आवाज विजेत बदलून अँपकडे धाडणाऱ्या तुकड्यात, आणि पिकअपमधून परत डब्यात. बेस गिटारला ही भानगड फारशी नाही, तिचं लाकूड भरीव असतं. आपलं वाद्य म्हणजे साडेतीन फुटांचा पोकळ नगारा, कोणी हाक मारली की ओ देतो. पियानोवाला माझ्याकडे बघत होता. मी खर्जाचं बटण पिळत पिळत पार खाली आणलं, मध्यंतरात डबा उचलून मेजवानीच्या गादीच्या खुर्चीवर ठेवला, तेव्हा कुठे सूर ताळ्यावर आला. घरी येताना मनात आलं, ज्या खर्जासाठी एवढं ओझं वाहिलं, तोच आपण संध्याकाळभर बंद ठेवला. लहान डब्याचं खर्जातलं दारिद्र्य डबल बेसच्या पथ्यावर पडतं, ते असं.

खुर्चीचा धडा मात्र कायम लक्षात ठेवा. डबा जमिनीवर असला की वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या सुपात लाटा उठतात. डबा उंच ठेवा किंवा तिरका करून कानाकडे वळवा. प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती आपलं स्वतःचं गाणं म्हणते. खर्ज कमी वाटला तर भिंतीजवळ सरकवा, कोपऱ्यात त्याहून वाढतो. हा खर्ज फुकट आहे, खांद्यावरून आणावा लागत नाही.

डब्यावर पैसे घालण्याआधी एक तपासून घ्या. आपल्यातले बरेच जण घोडीला पिझो पिकअप, म्हणजे लाकडाचा थरार पकडणारा, लावतात. पिझोला पुढच्या यंत्राचा फार मोठा इनपुट इंपीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, लागतो, निदान 1 मेगाओहम, माझ्या कानाला 10 मेगाओहमवर तो खुलतो. ती वायर सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसली, जिथे 10 किलोओहमच्या आसपास असतं, की खर्ज उडून जातो आणि उरतो तो नाकातला, पत्र्यासारखा आवाज. मग दोष येतो बिचाऱ्या डब्यावर. मला विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना नवा डबा नको असतो, बरा प्रीअँप, म्हणजे पिकअप आणि अँपच्या मधला छोटा डबा, हवा असतो. त्यात ठरावीक स्वराच्या खालचं सगळं गाळणारा हाय-पास फिल्टर असेल तर सोन्याहून पिवळं. 35-40 हर्ट्झच्या खाली आपला कुठलाच स्वर नाही, तिथे फक्त स्टेजचा धक्का, बोटांची धडधड आणि ड्रमवाल्याच्या पायाचा हादरा असतो. मागे भोक असलेल्या डब्यात, म्हणजे पोर्टवाल्यात, त्याच्या ठरलेल्या स्वराच्या खाली स्पीकरचा कागद मोकाट हलतो. अँपची ताकद तिथे वाया जाते आणि एखाद्या दिवशी स्पीकरही जातो.

माझा डबा कुठल्या कंपनीचा? कुठल्याच नाही. तो लालबागच्या मिस्त्रीने बनवलाय.

तयार डबे आहेत. फिल जोन्स यांची कंपनी 5 इंची स्पीकरांचे डबे करते. अ‍ॅकूस्टिक इमेजच्या पेट्यांत खर्जाचा स्पीकर जमिनीकडे तोंड करून बसवलेला असतो. दोन्ही प्रकार डबल बेसवाल्यांच्या आवडीचे. पण परदेशातून मागवताना भाडं आणि कस्टम धरलं की आकडा बघून बायकोला काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. म्हणून मी फक्त स्पीकर मागवला, 10 इंची, निओडिमियम चुंबकाचा. हलकेपणाची निम्मी गोष्ट या चुंबकात आहे. जुन्या फेराइट चुंबकाची मागची चकती एवढी जड, की 12 इंची स्पीकर एकटाच पाच किलोंच्या पुढे सहज जातो. निओडिमियम लहान असूनही तेवढंच ओढतं, वजन निम्म्याच्या आसपास येतं.

उरलेली निम्मी गोष्ट लाकडात, आणि तिथे माझं मिस्त्रींशी वाजलं. मी म्हटलं, 12 मिलिमीटरचं पॉप्लर प्लाय आणा. ते म्हणाले, "ते कच्चं असतं साहेब, मी 18चं मरीन लावतो, तुमच्या नातवापर्यंत टिकेल." आपल्याकडचं मरीन प्लाय बहुतेक गर्जनसारख्या कठीण लाकडाचं, पाण्याला चिवट आणि वजनाला दगड. मी एका कागदाच्या पाठीवर हिशोब मांडला. साधारण 38 सेंटिमीटर चौरस तोंडाची आणि 35 खोलीची पेटी, म्हणजे पाऊण चौरस मीटरहून थोडं जास्त लाकूड. त्यांच्या प्लायचं नुसतं खोकं अकरा किलो, माझ्या प्लायचं पाचच्या आत. मिस्त्रींनी कागद बघितला, मग पॉप्लरचा तुकडा बोटांवर तोलला आणि म्हणाले, "हे तर पुठ्ठ्यासारखं बोलेल."

त्यांचं खरंच होतं. पातळ लाकूड स्वतः बोलतं, आणि बोलणारी पेटी स्वर गढूळ करते. त्यावर तोड त्यांनीच काढली. आतून समोरासमोरच्या भिंतींना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या मारल्या, मधोमध न मारता थोड्या एका बाजूला. मग माठ घेताना वाजवतात तशी टिचकी मारली. पट्टीच्या आधी 'ढब्ब', पट्टीनंतर 'टक्'. त्या 'टक्'वर त्यांचा चेहरा असा खुलला की मी मजुरी घासाघीस न करता दिली. स्पीकर, जाळी, हँडल, आतला फोम धरून डबा साडेआठ किलोंचा झाला. वर दीड किलोचा क्लास-डी, म्हणजे हलक्या जातीचा, अँप. पहिल्यांदा घरी आणला तेव्हा समोरच्या काकूंनी जिन्यात हातातून घेतला आणि म्हणाल्या, "अरे, रिकामाच आणलास की काय?"

तुम्ही विकत घेणार असाल तर वॉटच्या आकड्याने दिपून जाऊ नका. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात सेन्सिटिव्हिटी छापलेली असते, एका वॉटला एका मीटरवर किती डेसिबल. दोन डब्यांत 3 डेसिबलचा फरक असेल, तर कमीवाल्याला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॉट लागतात. आणि ओहम, म्हणजे डब्याचा विजेला विरोध, बघा. अँपवर 500 वॉट लिहिलेलं असतं ते बहुधा 4 ओहमला. 8 ओहमचा एकच डबा लावला तर साधारण निम्मे पदरात पडतात. मी तरी 8 ओहमचाच घ्या म्हणेन, कारण पुढे तसाच दुसरा डबा जोडता येतो. लग्नाच्या लॉनवर किंवा उघड्या मैदानात एका दहा इंचीचा निभाव लागत नाही. तिथे साउंडवाल्याला लाइन, म्हणजे अँपमधून त्याच्या मिक्सरकडे वायर, द्या आणि आपला डबा आपल्या कानापुरता ठेवा. मी एकदा हट्टाने तिथेही एकटा डबा चालवला. दूरच्या टेबलावरच्या मित्राने नंतर विचारलं, "तू आज मधेच वाजवणं का थांबवलंस?" मी थांबलो नव्हतो.

दुकानात बेस गिटार लावून डबा पारखू नका. तिथला पोरगा अंगठ्याने चटचट दोन फटके मारेल, डबा छान वाटेल, आणि घरी तुमचं वाद्य त्यातून फाटक्या छत्रीसारखं फडफडेल. आपलं वाद्य दुकानात नेणं कठीण, म्हणून डबाच वाद्याकडे आणायची सोय बघा. डिपॉझिट ठेवा, ओळखीतला वापरलेला घ्या. हळू वाजवा. मोकळी ए आणि मोकळी जी लांब धरा, एखादा स्वर बाकीच्यांपेक्षा फुगतो का ऐका. गज लावा. ट्वीटर, म्हणजे तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर, असेल तर गजाला थोडा बरा, बोटांनी वाजवताना मी तो जवळजवळ बंद ठेवतो, पिझोची कटकट वर येते. शेवटी मोबाइल जोडून तोच काळी एकचा तंबोरा लावा. जवारी ऐकू आली आणि खर्ज न फुगता खाली बसला, तर डबा खरं बोलतोय.

आणि मग तो हातात घेऊन, दुसऱ्या हातात वाद्य घेऊन, जिना चढा. तुमच्या घरी लिफ्ट असेल तर ज्यांच्याकडे नाही अशा मित्राच्या घरी जाऊन चढा. 12 किलोंपर्यंत मला चालतं, 15 ला मी "आज राहू दे, तिथलाच वापरू" म्हणायला लागतो. तिथला म्हणजे गिटारवाल्याचा जुना अँप, मग सगळंच मुसळ केरात.

माझा डबा लावून बघायचा असेल तर रविवारी सकाळी या. वाद्य घेऊन या. दुसऱ्या वळणावर सायकल असेल, ती सरकवली तरी चालते.