लिनक्स मराठीतून चालवा, पहिलं काम तिथेच सापडेल

ओपन सोर्समध्ये काहीतरी योगदान हवं म्हणून बरेच विद्यार्थी एखाद्या अनोळखी प्रकल्पाच्या रीडमी फाइलमधला स्वल्पविराम बदलून पाठवतात. प्रकल्प सांभाळणाऱ्याचं काम वाढतं, आणि पाठवणाऱ्याला त्यातून काही शिकायला मिळत नाही. यापेक्षा चांगली वाट आहे. लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं, त्याची भाषा मराठी करायची आणि महिनाभर रोजची कामं त्यावरच करायची. जिथे अडखळायला होईल ते आपलं काम. मराठीत अशा जागा भरपूर आहेत. त्या दुरुस्त करायला सी भाषा यावी लागत नाही, मराठी मात्र नीट यावी लागते.

(खाली कमांड आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ती रोमन लिपीत टाकायची.)

इन्स्टॉल करण्याबद्दल थोडक्यात. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती चालते, ८ जीबी असेल तर उबुंटू किंवा फेडोरा घ्या. आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी अडीच इंची साटा एसएसडी बसवा. जास्तीच्या रॅमपेक्षा त्याने लॅपटॉप जास्त सुधारतो. विंडोजही ठेवायचं असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण सिक्युअर बूटमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सुरक्षा-तपासणीत) काही बदललं की विंडोज ती मागू शकतं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला त्याचं पार्टिशन फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा. ६० जीबी पुरतात. ईएफआय पार्टिशन (सुरू होण्याच्या फायली असलेला डिस्कचा भाग) दोघांत एकच वापरायचं, ते फॉरमॅट करायचं नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायची खास पद्धत) चालू असण्याची शक्यता मोठी. ते थेट बंद केलं तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सोय करून मग बायोसला हात लावा. वायफाय चालत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, आणि त्या नेटवरून वायफायचा ड्रायव्हर उतरवा.

विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर मदरबोर्डची बॅटरी बदलायला धावू नका. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, ठेवतं. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड एकदा दिली की दोघांची वेळ जुळते.

आता मराठी. सेटिंगमध्ये भाषा बदलून पुन्हा लॉग-इन केलं की एक खिडकी विचारते, डाउनलोड, डॉक्युमेंट वगैरे फोल्डरांची नावं मराठी करायची का? ‘जुनी नावं ठेवा’ हेच निवडा. नावं देवनागरी झाली की टर्मिनलमध्ये प्रत्येक वेळी कीबोर्ड बदलावा लागतो, आणि रोमन नावं गृहीत धरणाऱ्या स्क्रिप्ट मोडतात. कीबोर्डच्या यादीत इंग्रजी पहिला, मराठी दुसरा ठेवा. एकटा मराठी ठेवला तर लॉग-इनच्या पडद्यावर पासवर्ड टाकता येत नाही.

इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, शिकायला दोन आठवडे लागतात, पण ते शिकाच असं माझं ठाम मत आहे. भाषांतर तपासताना नेमकं कोणतं अक्षर टाइप झालंय हे कळावं लागतं, आणि उच्चारावर चालणाऱ्या कीबोर्डमध्ये ते झाकलं जातं. उदाहरणार्थ ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिल्यात साधा र, म्हणजे जे चं बटण. दुसऱ्यात ऱ, म्हणजे शिफ्ट आणि जे. त्यानंतर दोन्हीकडे डी वरचा हलन्त आणि मग य. समुद्र आणि डोंगरातल्या खोलगट जागा यांत एवढ्या एका शिफ्टचा फरक आहे. सरावाने गमभनसारखी उच्चारावर चालणारी पद्धत हातात बसली असेल तर आयबसमध्ये (लिनक्समधली कीबोर्ड सांभाळणारी सोय) एम१७एन हा कीबोर्डांचा संच घालून तीही मिळते, मात्र ऱ कुठे आहे ते आधी शोधून ठेवा.

‘ॲप’मधल्या ॲ ची गोष्ट आणखी बारीक आहे. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात) त्याला स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. त्याआधीचा मजकूर अ वर अर्धचंद्र देऊन लिहिलेला असतो, आणि हिंदीच्या वळणाने कुणी ऍ वापरलेला असतो. पहिले दोन डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शोधताना एक टाकला तर दुसरा सापडत नाही. एखाद्या प्रोग्रामच्या मराठी फाइलमध्ये तिन्ही रूपं एकत्र मिळाली तर सगळीकडे ॲ करून देणं हे पहिल्या योगदानासाठी उत्तम काम आहे. ते छोटं आहे, त्याचं कारण एका वाक्यात सांगता येतं, आणि त्याचा उपयोग खरा आहे.

श आणि ल यांचा मराठी आकार हवा असेल तर मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असावी लागते. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार आहेत, आणि कोणता दाखवायचा ते भाषेच्या खुणेवरून ठरतं. लिबरऑफिसमध्ये परिच्छेदाची भाषा हिंदी राहिली तर अक्षरं हिंदी वळणाची येतात, आणि दोष उगाच फॉन्टवर जातो.

टर्मिनलमधली मराठी तपासत बसू नका. टर्मिनल अक्षरं चौकटींच्या जाळीत बसवतं, त्यामुळे बऱ्याच टर्मिनलांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते आणि जोडाक्षरं तुटतात. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने उघडणाऱ्या कन्सोलवर तर नुसते चौकोन येतात, कारण तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात. हे भाषांतराचे दोष नव्हेत.

भाषांतराचं मुख्य काम पीओ फाइलमध्ये चालतं. ही साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक नोंदीत एमएसजीआयडी म्हणजे मूळ इंग्रजी वाक्य आणि एमएसजीएसटीआर म्हणजे आपलं. पोएडिट किंवा केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाचं लोकलाइझ घेऊन ती उघडा. त्याआधी पोएडिटच्या प्राधान्यांत ‘आधीच्या फाइलची मांडणी जपा’ हा पर्याय चालू आहे ना ते बघा. तो बंद असेल तर पोएडिट सगळ्या ओळी नव्याने मोडतं. आपण बदललेल्या असतात तीन ओळी, आणि तपासणाऱ्याला बदललेल्या दिसतात तीनशे.

सुटा शब्द दिसला की थांबायचं. ‘ओपन’ बटणावर असेल तर ‘उघडा’, फाइलच्या अवस्थेबद्दल असेल तर ‘उघडी’. नोंदीच्या वर तो शब्द मूळ कोडच्या कोणत्या फाइलमधून आला ते लिहिलेलं असतं. ती फाइल उघडून बघितली की बहुतेक शंका मिटतात, आणि जाता जाता कोडची ओळख होते.

मराठी माणसाला खरी अडचण येते ती टक्क्याच्या खुणांपाशी. टक्क्यापुढे एस असेल तर तिथे चालताना एखादं नाव येतं, डी असेल तर आकडा. आपली भाषा नामाला विभक्ती लावते, पण प्रोग्राम येणाऱ्या नावाचं सामान्यरूप करू शकत नाही. खुणेला थेट ‘मध्ये’ चिकटवलं तर ‘चित्रेमध्ये’ असलं काहीतरी पडद्यावर उमटतं. उपाय सोपा आहे: खुणेनंतर एक सामान्यनाम घालायचं. ‘अमुक या फोल्डरमध्ये’, ‘अमुक या वापरकर्त्याला’. विभक्ती त्या नामाला लागते आणि मूळ नाव जसंच्या तसं राहतं. लिंगाचंही तसंच. इंग्रजीत ‘डिलीटेड’ला लिंग नाही, आपल्याला मात्र हटवला, हटवली, हटवलं यातून निवडावं लागतं. ‘अमुक ही फाइल हटवली’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

एका वाक्यात दोन खुणा असतील तर मराठीत त्यांचा क्रम बहुधा उलटतो. तसा उलटायचा असेल तर प्रत्येक खुणेत टक्का आणि अक्षर यांच्या मध्ये क्रमांक आणि डॉलरचं चिन्ह घालायचं. हा क्रमांक इंग्रजी अंकातच हवा. देवनागरी १ टाकला तर तपासणीत फाइल अडते. क्रमांक न घालता एस आणि डी यांची अदलाबदल केली तर सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम चालताना कोसळू शकतो. म्हणून फाइल पाठवण्याआधी ‘एमएसजीएफएमटी’ ही कमांड उणे सी (छोटा सी) पर्यायासह चालवायचीच. खुणा जुळत नसतील तर ती ओळ क्रमांकासह सांगते.

अनेकवचनाला मराठीत दोन रूपं आहेत: एकाला एक, बाकी सगळ्यांना दुसरं. शून्यही दुसऱ्यात, म्हणजे ‘० फायली’. हा नियम फाइलच्या शीर्षभागात लिहिलेला असावा लागतो. नव्या फाइलमध्ये तो राहून जातो.

‘फझी’ अशी खूण असलेल्या नोंदी भरलेल्या दिसतात, पण त्या वापरात नसतात. मूळ इंग्रजी वाक्य बदललं की जुनं मराठी अंदाजाने तिथे ठेवलं जातं आणि फझी लावलं जातं; पडद्यावर इंग्रजीच दिसतं. वाक्य तपासून खूण काढायची. जुन्या मराठी फायलींत अशा नोंदी खूप असतात, त्यामुळे एका संध्याकाळी चाळीसेक वाक्यं जिवंत करता येतात.

मेनूतल्या शब्दांत अधोरेषा किंवा अँपरसँड दिसेल. ती ऑल्टबरोबर दाबायच्या अक्षराची खूण असते. देवनागरी अक्षराला ती लावली तर इंग्रजी कीबोर्ड चालू असताना उपयोगी पडत नाही. म्हणून मराठी शब्दामागे कंसात मूळ रोमन अक्षर, त्याच खुणेसकट ठेवायची पद्धत आहे.

शब्द कोणते वापरायचे? फ्युएल या प्रकल्पाने नेहमीच्या शब्दांची मराठी सूची केलेली आहे, तिथून सुरुवात करा. ‘संचयिका’ की ‘फोल्डर’ असा प्रश्न आला तर मी ‘फोल्डर’ म्हणेन, कारण नांदेडपासून सावंतवाडीपर्यंत लोक तेच म्हणतात. पण आधीच्या भाषांतरकारांनी सगळीकडे ‘संचयिका’ केलं असेल तर एकाच खिडकीत फोल्डर घुसवू नका. आधी भाषेच्या गटात विचारा आणि ठरलं की सगळीकडे बदला.

पाठवायचं कुठे हे प्रकल्पावर अवलंबून आहे. लिबरऑफिसचं वेबलेटवर चालतं, फायरफॉक्सचं पॉन्टूनवर, एक्सएफसीईचं ट्रान्सिफेक्सवर, ग्नोम या डेस्कटॉपचं डॅम्ड लाइजवर; ही सगळी भाषांतराची संकेतस्थळं. ग्नोममध्ये आधी ती फाइल आपल्या नावाने राखून ठेवायची, मग उतरवायची, भरून चढवायची आणि तपासणीसाठी पुढे करायची. पहिल्यांदा पन्नासेक वाक्यांचाच छोटा प्रोग्राम घ्या. उबुंटूत दिसलेली चूक बहुधा उबुंटूची नसते, मूळ प्रकल्पाची असते. तिथेच दुरुस्त केली तर ती फेडोरा आणि डेबियनलाही मिळते. ग्नोमच्या आवृत्त्या मार्च आणि सप्टेंबरमध्ये निघतात, आणि त्याआधी काही आठवडे इंग्रजी वाक्यं गोठवली जातात. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये काम केलं तर ते वाया जात नाही, आणि हे महिने सहसा सेमिस्टरच्या परीक्षेत येत नाहीत. उत्तर आठवडाभर आलं नाही तर नम्रपणे एकदा आठवण करा. तपासणारेही नोकरी सांभाळून हे करतात.

चूक कळवताना टर्मिनलमधला संदेश मराठीत चिकटवू नका. कमांडच्या आधी ‘एलसी-ऑल बरोबर सी’ (सगळी अक्षरं कॅपिटल, आणि हायफनच्या जागी अधोरेषा) लिहिलं की तेवढ्यापुरता तो इंग्रजीत येतो, मग जगात कुठेही बसलेल्याला वाचता येतो.

पाठवण्याआधी आपलं भाषांतर पडद्यावर बघायचं असेल तर पीओची एमओ फाइल (प्रोग्राम वाचतो ते रूप) करा आणि ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’, त्यातल्या ‘लोकेल’, त्यातल्या ‘एमआर’ फोल्डरातल्या ‘एलसी-मेसेजेस’मध्ये (हेही कॅपिटल आणि अधोरेषेसह) ठेवा. जुन्या फाइलची प्रत आधी बाजूला काढा. पॅकेज अपडेट झालं की आपली फाइल पुसली जाईल, हेही ध्यानात असू द्या. मग ‘लँग्वेज’ (कॅपिटल अक्षरांत) या व्हेरिएबलला एमआर देऊन प्रोग्राम सुरू करा. एवढं करूनही इंग्रजीच दिसत असेल तर ‘लोकेल’ कमांड चालवून बघा. लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची नोंद, सी असेल तर लँग्वेजकडे दुर्लक्ष होतं. लोकेलही बरोबर असेल तर तो प्रोग्राम फ्लॅटपॅकमधून (प्रोग्राम स्वतंत्र गठ्ठ्यात देणाऱ्या पद्धतीतून) आलेला असेल. फ्लॅटपॅकच्या फायली वेगळ्या ठिकाणी असतात, तिथे ‘यूएसआर’मधला बदल पोहोचत नाही. शिवाय फ्लॅटपॅक ठरवलेल्याच भाषांचे भाग उतरवतं. ‘फ्लॅटपॅक कॉन्फिग’मध्ये लँग्वेजेसला ‘एमआर’ आणि ‘ईएन’, मध्ये अर्धविराम देऊन, अशी किंमत द्या आणि ‘फ्लॅटपॅक अपडेट’ चालवा.