डॉ. फीलगूडची गिटार: कुठवर आले

डॉ. फीलगूड या बँडचं 'शी डझ इट राइट' हे गाणं आता मूळ वेगात, पहिल्या ठोक्यापासून शेवटापर्यंत, हात न आखडता वाजतंय. मागच्या नोंदीत दुसऱ्या कडव्यातच मनगट भरून येतं म्हणून रडले होते, ते रडगाणं संपलं. या वेळची नोंद जरा लांबणार आहे, कारण 'डाउन बाय द जेटी' या त्यांच्या पहिल्या अल्बमची पहिली बाजू आटोपून मी पुढे सरकलेय आणि वाटेत या बँडच्या भानगडींतही बरीच शिरलेय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: डॉ. फीलगूड हा इंग्लंडच्या एसेक्समधल्या कॅन्व्ही बेटावरचा बँड, १९७१ मध्ये जमलेला. (नुसतं नाव टाकून शोधलंत तर आधी अमेरिकन हेवी मेटल समोर येईल. ते हे नव्हे.) गायला आणि माउथऑर्गनला ली ब्रिलो, गिटारला विल्को जॉन्सन, बेसला जॉन बी. स्पार्क्स ऊर्फ स्पार्को, ड्रम्सला जॉन मार्टिन ऊर्फ द बिग फिगर. चार माणसं, गिटार एकच. मी शिकतेय ती विल्कोची गिटार, म्हणजे टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार, पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) न धरता, नुसत्या बोटांनी, आणि ऱ्हिदम (कॉर्डची साथ) आणि लीड (सुट्या सुरांची धून) दोन्ही एकाच हाताने.

उजव्या हाताबद्दल सविस्तर लिहिते, कारण विचारणाऱ्यांचा मुख्य प्रश्न तोच असतो. पिक टाकलं की आपण सवयीने तारा छेडायला लागतो, फिंगरस्टाइलसारख्या. इथे तसं काहीच नाही. मूठ अर्धी उघडी ठेवून बोटं नखांच्या बाजूने तारांवर झटकायची आणि परत येताना तर्जनीने वर ओढायचं. हात वरखाली चालूच राहतो, तो कधीच थांबत नाही. थांबवायचं असतं ते डाव्या हाताने. कॉर्ड दाबली, ठोका पडला, की बोटं फ्रेटवरून (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून) किंचित सैल करायची, तारा सोडायच्या नाहीत. आवाज तिथल्या तिथे मरतो आणि पुढचे दोन-तीन फटके नुसते 'चिक् चिक्' असे कोरडे पडतात. तबल्यातले बंद बोल ज्यांच्या कानात आहेत त्यांना हे लगेच कळेल. गाण्याची धार वाजलेल्या सुरांइतकीच त्या कोरड्या फटक्यांत असते. सहावी तार मी डाव्या अंगठ्याने वरून दाबून गप्प ठेवते, नाहीतर ती घुमत राहते आणि सगळा चिखल होतो.

नखांचं म्हणाल तर तर्जनीच्या नखाच्या कडेला सोलवटतंच. पावसाळ्यात नखं मऊ पडतात तेव्हा जास्त. चिकटपट्टी लावून वाजवून पाहिलं, आवाज बोथट होतो. नख जरा वाढवून गोल कापणं आणि रियाज तुकड्यातुकड्यांत करणं, एवढाच उपाय मला लागू पडला. तारा दहाच्या सेटच्या. ॲम्प साधा ट्रान्झिस्टरचा, गेन अगदी खाली, ट्रेबल वर. विल्कोही त्या काळात एचएच कंपनीचा ट्रान्झिस्टर ॲम्प वापरायचा, तेव्हा व्हॉल्व्ह ॲम्प नाही म्हणून हळहळण्याचं कारण नाही. या शैलीला डिस्टॉर्शन (ॲम्पमधून मुद्दाम काढलेली आवाजाची खरखर) मारक आहे. फटक्यामधली शांतता ऐकू यायला हवी आणि डिस्टॉर्शन ती भरून टाकतं.

हे विल्कोने आकाशातून आणलं नाही. जॉनी किड अँड द पायरेट्स या बँडचा गिटारवाला मिक ग्रीन हा त्याचा गुरू म्हणा किंवा आदर्श म्हणा. पायरेट्समध्येही गिटार एकच होती, त्यामुळे कॉर्ड धरतानाच मधल्या जागा रिफने (परतपरत येणाऱ्या छोट्या धुनेने) भरायची कला ग्रीनने कमावली. विल्को तेच ऐकत मोठा झाला. मुळात डावखुरा माणूस, पण शिकला उजव्या हाताची गिटार. बँडचं नावसुद्धा त्याच वाटेने आलं: पियानो रेडने 'डॉक्टर फीलगूड' नावाचं गाणं केलं होतं, ते पायरेट्सनी वाजवलं आणि पोरांनी नाव उचललं. 'जेटी'वरचं 'ऑये!' हे वाद्यसंगीत मिक ग्रीनचंच आहे. 'गोइंग बॅक होम' तर विल्कोने ग्रीनबरोबर मिळून लिहिलं. तेव्हा विल्को शिकायचा असेल तर आधी पायरेट्स ऐका. मी उलट क्रमाने गेले नाही याचा मला आता फार आनंद होतोय.

विल्कोचं खरं नाव जॉन विल्किन्सन, ते उलटंपालटं करून विल्को जॉन्सन. न्यूकॅसल विद्यापीठात इंग्रजी शिकला, जुनी आइसलँडिक भाषा वाचायचा. पदवीनंतर रस्त्याने प्रवास करत भारतात येऊन गेला, परत जाऊन काही काळ शाळेत शिकवलं आणि मग बँड. सत्तरच्या आसपास इकडे येणाऱ्या केसाळ गोऱ्या पोरांत हाही एक होता, याची मला उगाच मजा वाटते.

कॅन्व्हीबद्दल बोलायलाच हवं. थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या तोंडाशी हे सखल बेट आहे, भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली, बांध घालून राखलेलं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र आत घुसला आणि कॅन्व्हीवर ५८ माणसं गेली. विल्को तेव्हा पाच वर्षांचा होता. नंतर तिथे तेलाच्या टाक्या, धक्के, आसपास रिफायनरीच्या पेटत्या चिमण्या. मिसिसिपीकाठी ब्लूजचा डेल्टा, तसा आमचा थेम्स डेल्टा, अशी यांची थट्टा होती. पण 'ऑल थ्रू द सिटी' ऐकलं की थट्टेत खरेपण होतं हे कळतं. शिकागोच्या गल्ल्यांची नक्कल न करता विल्कोने आपल्या दारातल्या धुराड्यांवर गाणं लिहिलं. साठच्या दशकातल्या कितीतरी ब्रिटिश ब्लूज बँडना हे जमलं नव्हतं. ते अमेरिकन गाणी प्रामाणिकपणे गायचे, पण माणसं आणि गावं उसनीच राहायची.

सुरुवात मात्र फार थोर नव्हती. हाइन्झ नावाच्या साठच्या दशकातल्या गायकामागे हे साथ करायचे आणि त्याच्याबरोबर १९७२ मध्ये वेम्ब्ली स्टेडियमवरच्या रॉक अँड रोल जलशात वाजवून आले. मग लंडनचे पब. तो काळ वीस-वीस मिनिटांच्या, गुंतागुंतीच्या प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉकचा आणि चकाकणाऱ्या कपड्यांचा. त्यात हे चौघं तोकडे केस, साधे सूट, तीन मिनिटांची गाणी. लीचा पांढरा कोट तर दौऱ्यागणिक मळत गेला आणि तोच त्याची खूण झाला. विल्को डोळे वटारून, रेल्वेच्या इंजिनासारखा मागेपुढे सरकत, गिटार बंदुकीसारखी लोकांवर रोखत वाजवायचा. जुन्या चित्रफिती बघा. मी आरशासमोर ते सरकणं करून पाहिलं, घरच्यांनी दार लावून घेतलं.

१९७५ च्या सुरुवातीला 'नॉटी ऱ्हिदम्स' नावाचा दौरा झाला, कोकोमो आणि चिली विली अँड द रेड हॉट पेपर्स या दोन बँडबरोबर. त्याच जानेवारीत 'डाउन बाय द जेटी' आला, निर्माता विक मेल. सगळं जग स्टीरिओवर गेलेलं असताना हा अल्बम मोनो! शिकणाऱ्याला याचा एक तोटा आहे: गिटार एका कानात आणि बेस दुसऱ्या कानात असं वेगळं करता येत नाही. फायदा असा की चौघं एका खोलीत जसे वाजवत होते तसे एकमेकांवर आदळताना ऐकू येतात. मी स्पार्कोचा बेस वेगळा काढायचा नाद सोडला आणि त्याच्यावर रेलायला शिकले. तो आणि बिग फिगर इतके सरळ, न डगमगता चालतात की गिटारला मोकाट सुटायची मुभा मिळते.

'रॉक्झेट' अजून कच्चं आहे. गिटार बसली, पण गिटार आणि माउथऑर्गनची जुगलबंदी बसत नाही. धाकटा भाऊ हार्मोनिका वाजवतो. (गाणं 'ए'मध्ये असेल तर 'डी'ची हार्मोनिका घ्यायची, म्हणजे ओढताना ब्लूजचे वाकडे सूर निघतात. नव्यांनी हे लक्षात ठेवा.) परवा तो म्हणाला, "ताई, तुझा हात थांबतच नाही. मी श्वास कुठे घेऊ?" मुद्दा बरोबर होता. विल्कोचा हात चालू राहतो, पण लीच्या ओळीखाली तो फटक्यांचा जोर काढून घेतो. मी सगळे फटके एकाच वजनाचे मारत होते. आता लीचा आवाज आला की फक्त तिसऱ्या-चौथ्या तारेवर खेळते. बरंच मोकळं झालंय. नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्हीवर स्वीडनच्या रॉक्झेटची गाणी ऐकली, त्यांना सांगते: त्या दोघांनी आपलं नाव याच गाण्यावरून घेतलं.

'मालप्रॅक्टिस' (१९७५) मी भरभर ओलांडला. त्यातलं 'बॅक इन द नाइट' तेवढं घेतलं, ते पुढे सांगते.

सध्या मुक्काम 'स्टुपिडिटी'वर. एक बाजू शेफील्डच्या सिटी हॉलमधली, दुसरी साउथएंडच्या कुर्सालमधली, दोन्ही १९७५ मधल्या जलशांची ध्वनिमुद्रणं. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. मोठ्या हिट सिंगलचा टेकू नसताना, नुसत्या जलशांच्या जोरावर! 'बॅक इन द नाइट'मध्ये स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवत वाजवायची) खुद्द ली वाजवतो. त्यामुळे मला एकटीला ते अर्धवटच वाजवता येतं, भावाने स्लाइडला हात लावायला साफ नकार दिलाय.

आणि इथून सहा-सात महिन्यांत सगळं मोडलं. कारणं वाचताना गंमत वाटत नाही, फार ओळखीची वाटतात. गाणी लिहायचं ओझं जवळजवळ एकट्या विल्कोवर. बाकीचे तिघं मैफलीनंतर बारमध्ये, विल्को दारू न पिणारा, खोलीत एकटा. अमेरिकेचे दौरे, वर नव्या गाण्यांचा तगादा. १९७७ मध्ये 'स्नीकिंग सस्पिशन' मुद्रित होत असताना माउथऑर्गनवाल्या लू लुईसचं 'लकी सेव्हन' अल्बमवर घ्यायचं की नाही यावर ठिणगी पडली आणि विल्को बाहेर. त्याने सोडला की त्याला काढला, यावर दोन्ही बाजूंचं कधी एकमत झालं नाही. गाणं अल्बमवर आहेच. मी ते मुद्दाम अनेकदा ऐकलं: गाणं वाईट नाही, पण बँड मोडावा असंही काही त्यात नाही. तेव्हा भांडण गाण्याचं नव्हतंच, हे माझं मत.

नंतर विल्कोच्या जागी आलेल्या गिटारवाल्या जिपी मेयोबद्दल आपल्या मंडळींत नाक मुरडायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्याने विल्को व्हायचा प्रयत्न केला नाही, सूर लांबवले, सोलो घेतले, आणि गायक-गीतकार निक लोबरोबर लिहिलेलं 'मिल्क अँड अल्कोहोल' १९७९ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंत नेलं. विल्कोच्या काळातल्या एकाही सिंगलला हे जमलं नव्हतं. मात्र बँडची जात बदलली. आधी गिटार आणि आवाज एकमेकांवर चालून जायचे, आता गिटार गायकाला साथ करू लागली. मेयो १९८१ मध्ये गेला, स्पार्को आणि बिग फिगर १९८२ मध्ये. लीने नवे गडी घेऊन गाडा ओढला, आणि ७ एप्रिल १९९४ ला लिम्फोमाने, अवघ्या ४१ व्या वर्षी, तो गेला. बँड त्याच नावाने आजही वाजवतो, मूळचा एकही माणूस नसताना.

त्यांच्यामुळे काय काय झालं याची यादी काढत बसत नाही, दोन-तीन गोष्टी सांगते. १९७६ मध्ये स्टिफ रेकॉर्ड्स ही कंपनी लीने उसने दिलेल्या ४०० पौंडांवर उभी राहिली. द डॅम्डचं 'न्यू रोझ', ब्रिटनमधलं पहिलं पंक सिंगल, तिथूनच निघालं. ब्लाँडीचा ड्रमर क्लेम बर्क 'जेटी' न्यूयॉर्कला घेऊन गेला आणि तिथल्या पोरांनी ती तबकडी पार्ट्यांत वाजवली. द क्लॅश या पंक बँडच्या जो स्ट्रमरने विल्कोला बघून टेलिकास्टर घेतली. क्लॅशच्या गिटारमधली ती कापाकापी ऐका, नातं लगेच सापडतं. गँग ऑफ फोर या बँडचा गिटारवाला अँडी गिल याच्यामध्ये तर मला ते आणखी उघड दिसतं. तिथे फक्त फटका आणि शांतता उरलीय, ब्लूज गळून गेलाय.

विल्को पुढे गायक इयान ड्युरीच्या ब्लॉकहेड्स या बँडमध्ये गेला, मग नॉर्मन वॉट-रॉयला बेसवर घेऊन स्वतःचा बँड चालवला. 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही मालिकेतला जीभ छाटलेला जल्लाद तोच. २०१३ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचं जाहीर झालं, डॉक्टरांनी महिने मोजून दिले. केमोथेरपी नाकारून त्याने निरोपाचा दौरा काढला, द हू या बँडचा गायक रॉजर डाल्ट्री याच्याबरोबर 'गोइंग बॅक होम' याच नावाचा अल्बम केला, तो तिसऱ्या क्रमांकावर गेला. आणि २०१४ मध्ये केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात तीन किलोहून जड गाठ काढल्यावर हा बाबा पुन्हा वाजवायला हजर! २१ नोव्हेंबर २०२२ ला, ७५ व्या वर्षी तो गेला. त्या डाल्ट्रीबरोबरच्या अल्बममध्ये साठी उलटलेल्या माणसाचा उजवा हात ऐका. वेग थोडा उतरलाय, पण फटका तोडण्याची जागा तीच.

आता पुढचं. 'रॉक्झेट' भावाबरोबर मुद्रित करून ठेवायचं आहे. 'कीप इट आउट ऑफ साइट'मध्ये माझा हात अजून शेवटच्या कडव्यात पळतो, तिथे मेट्रोनोम लावून बसतेय, आणि तोही फक्त दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, म्हणजे पळवाट राहत नाही. त्यानंतर मेयोच्या काळात शिरायचा विचार आहे, तिथे पिक परत हातात घ्यावं लागेल. कुणी 'मिल्क अँड अल्कोहोल'चा रिफ बसवला असेल तर तो फ्रेटबोर्डवर कुठे धरता ते जरूर कळवा. मी पाचव्या फ्रेटपाशी धरतेय आणि आवाज हवा तसा खरखरीत येत नाही.