आमची वाटचाल: लग्नाच्या अल्बमपासून हापूसच्या वेबसाइटपर्यंत

कुडाळात आमचा स्टुडिओ सुरू झाला तो लग्नाच्या ऑर्डरींवर. रोल लॅबला गेला की रंगांची चिंता लॅबवाल्याची. डिजिटल आल्यावरही काम छापील अल्बमचंच होतं, त्यामुळे कलर प्रोफाइल, म्हणजे रंगांचं माप सांगणारी फाइलीतली नोंद, हे प्रकरण कधी आडवं आलं नाही. पुढे तारकर्लीचे होमस्टेवाले, सावंतवाडीच्या चितारआळीतले लाकडी खेळण्यांचे दुकानदार, देवगडचे बागायतदार अशा सगळ्यांनाच फोटो वेबसाइटवर हवे झाले आणि आमच्या धंद्याने वळण घेतलं.

एक बागायतदार दुसरीकडून काढून घेतलेले फोटो घेऊन आले. "ओ भाऊ, कंप्युटरार बरे दिसतत, मग वेबसाइटीर आंबे असे फिके कित्याक?" फोटो उत्तम होते. फाइलींची नावं मात्र खालच्या आडव्या रेघेने सुरू होत होती. कॅमेरा अडोबी आरजीबी या रंगांच्या मापावर असला की निकॉन, कॅननच्या फाइलींना ही खूण लागते. वेबसाइटवर चढवताना फोटो लहान झाले आणि आतलं प्रोफाइल गळून पडलं. प्रोफाइल नसलं की ब्राउझर सहसा एसआरजीबी हे दुसरं, लहान माप धरून चालतो, म्हणून आंबे फिके. बागायतदारांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: गिऱ्हाइकाने नुसतं "पाच पाठवा" म्हटलं, तर डझन पाठवणार की पेट्या? फाइलीतले लाल, हिरवा, निळ्याचे आकडे तसेच असतात. ते कुठल्या मापातले, हे प्रोफाइल सांगतं.

एसआरजीबी हे माप एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली साध्या मॉनिटरांसाठी मांडलं. अडोबी आरजीबी १९९८चं, छपाईचा विचार करून केलेलं. त्यात हिरव्या-निळसर रंगांना जास्त जागा आहे. म्हणून वेबसाठी 'कन्व्हर्ट' करायचं, 'असाइन' नव्हे. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात आणि रंग शक्य तितका टिकतो. असाइनमध्ये आकडे तेच राहतात, रंग बदलतो. बागायतदारांच्या फाइलीत आधी अडोबी आरजीबी असाइन केलं, कारण खरं माप तेच होतं, आणि मग एसआरजीबीत कन्व्हर्ट.

खरी कसोटी तारकर्लीच्या पाण्याची. उन्हातला तो हिरवट निळा कधी कधी एसआरजीबीच्या बाहेर जातो आणि कन्व्हर्ट करताना लाटांमधल्या बारीक छटा एकाच सपाट डागात बुडतात. आम्ही आधी फक्त त्या रंगाचं सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणा, थोडं उतरवतो, लाटा परत दिसू लागतात. होमस्टेवाल्यांना उलट निळा चढवून हवा असतो. मी नाही म्हणतो. पावसाळ्यात आलेल्या पाहुण्याला गढूळ समुद्र दिसला की तोच फोटो तो मालकापुढे धरतो. सावंतवाडीच्या खेळण्यांचा तांबडा तर याहून हट्टी. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल चॅनल, म्हणजे फक्त लालचे आकडे, एकटा उघडून पाहिला तर तो २५५ या शेवटच्या आकड्याला टेकलेला असतो, आणि भोवऱ्याची गोलाई गेलेली.

हे सगळं दिसायला मॉनिटर खरं बोलणारा हवा. कॅलिब्रेटर, म्हणजे मॉनिटरचे रंग मोजून जुळवणारं यंत्र, घेतला तेव्हा घरात "एवढ्याशा डबीला एवढे पैसे?" झालं. आता मॉनिटरचा पांढरा ६५०० केल्विनवर आणि गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजेड, २.२ वर बसवलेला असतो, ब्राइटनेस १२० कँडेलाच्या आसपास, आणि खिडकीला जाड पडदा.

आंब्याच्या खोक्यासाठी छापखान्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या मापातली, फाइल लागते. ती वेबवर जाऊ नये म्हणून दोन फोल्डर वेगळे देतो. गिऱ्हाइकाने स्वतःच्या फोनवरून फोटो पाठवले, तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागतो, नाहीतर फोटो दाबून लहान होतो. आयफोन २०१६पासून डिस्प्ले पी३ या एसआरजीबीहून मोठ्या मापात फोटो काढतात, हापूसचा केशरी त्यात खुलतोही. मागेल त्याला पी३ची वेगळी फाइल देतो. बाकी सगळ्यांना एसआरजीबीच, प्रोफाइल आत बसवून. त्याने फाइल तीनएक केबीने वाढते. वेबसाइट बनवणाऱ्या पोरांना तेवढंही जड वाटतं. त्यांच्याशी आमचा वाद अजून चालू आहे.