मिठी तलाई ते कठपोर, बॅटरीवर: ओहोटीने काढलेला घाम

इलेक्ट्रिक बोट ४० किलोमीटर जाते असं कुणी सांगितलं, तर आधी विचारा, कुठल्या पाण्यात? आम्ही विचारलं नव्हतं.

बडोदा ते दहेज रस्ता ठीक आहे, त्यावर शब्द घालवत नाही. मित्राची २४ फुटी शिडाची बोट दहेजजवळ, नर्मदेच्या मुखाशी, मिठी तलाईच्या खाडीत असते. ९ हॉर्सपॉवरचं धूर ओकणारं डिझेल इंजिन काढून त्याने ४८ व्होल्टची मोटर बसवली. २८० अँपिअर-अवरचे १६ लिथियम सेल, म्हणजे साधारण १४ युनिट वीज. जाताना वारा होता, शीड भरलं, मुखाच्या दक्षिण काठावरचं कठपोर आरामात गाठलं.

परतताना वारा पडला. चहाच्या नादात पाऊण तास उशीर झाला आणि ओहोटी लागली. त्यात पौर्णिमेनंतरची द्वितीया, म्हणजे भर उधाण. पाणी आम्हाला खाडीच्या तोंडावरून खाली समुद्राकडे ओढायला लागलं. पाण्यातून आम्ही ५ नॉटने (एक नॉट म्हणजे तासाला साधारण १.८५ किलोमीटर) चाललो होतो, जमिनीच्या हिशोबाने मात्र जीपीएस १.२ नॉटच दाखवत होता. मोटर ४ किलोवॉट खात होती. एक तास चाळीस मिनिटांत बॅटरी ६५ टक्क्यांवरून १८ वर आली आणि अंतर कापलं जेमतेम साडेतीन किलोमीटर. केबलच्या टोकाच्या एका लगला (धातूच्या जोडणीला) हात लावला तर चटका बसला, तो वायरवर नीट दाबून बसवलेला नव्हता. तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

विकणाऱ्याचा आकडा खोटा नव्हता, हाच राग आहे. संथ पाण्यात ४ नॉटला २ किलोवॉट लागतात, सहा तास चालते, झाले ४० किलोमीटरच्या वर. समोरून ३ नॉटचा प्रवाह आला की त्याच विजेत ११ उरतात. जोर लावूनही फायदा नाही, कारण वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळपास आठपट लागते. डिझेलवाला एक डबा जास्तीचा ठेवून सुटतो, आपण नाही सुटत.

म्हणून ओहोटी समोर आली की मोटर बंद करा, नांगर टाका. आम्ही उशिरा टाकला. पाणी गेलं, बोट चिखलात कलंडली आणि सहा माणसांचा डबा दोघांत खात अर्धी रात्र तिरकी काढली. भरती आल्यावर अर्ध्या किलोवॉटवर खाडीत शिरलो. नांगराला दोर भरपूर ठेवा. या खंभातच्या आखातात उधाणाला पाणी दहा मीटर चढतं. नर्मदा परिक्रमावासीयांच्या होड्या डिझेलवर असूनही भरती बघूनच सुटतात, ते उगाच नाही.

स्वतः बदल करणाऱ्यांसाठी एकच: पंख्याचा रेटा झेलणारं बेअरिंग जुन्या गिअरबॉक्समध्ये असतं. गिअरबॉक्स काढलात तर थ्रस्ट बेअरिंग वेगळं लावा, नाहीतर सगळा रेटा मोटरच्या शाफ्टवर. मित्राने आधी लावलं नव्हतं, मोटर उघडावी लागली.

आणि चार्जिंग. धक्क्याजवळच्या एका दुकानात १५ अँपिअरच्या प्लगवर चार तास लावलं. घरच्या दराने शंभरेक रुपयांची वीज, मागितले १५००. "भाई, करंट तो मोंघो छे." घासाघीस करून १२०० दिले. मीटरचा आकडा आधी फोटोत घ्या, भाव युनिटवर ठरवा, मगच वायर उलगडा. आणि अष्टमी-नवमीला जा, भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी.