पाटी, फ्लेक्स, पुन्हा पाटी : आमची वाटचाल

चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला ए ग्रेड, मग एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका. ड्रॉइंग मास्तर व्हायचं ठरलेलंच होतं. एका संस्थेनं नोकरीसाठी जो आकडा सांगितला, तो ऐकून वडील पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठले. मी उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला लागलो, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करायला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शंभराला एक आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा वाढवून करायचा. दोन वर्षं हेच केलं. घरचे म्हणायचे, पोरगं वाया गेलं. पण माडीवरची पाटी रस्त्यावरून बघताना अक्षर बुटकं दिसतं, त्याची उंची आधीच वाढवून ठेवायची असते, ही अक्कल मला बिडानं दिली.

संध्याकाळी एका बॅनरवाल्या पेंटरकडे चौकटी आखायला जायचो. आमच्या कोल्हापुरात चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव मेस्त्रींचं आडनावच 'पेंटर' झालं, तेव्हा या धंद्याला कमी लेखणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

१९९४ साली शाहूपुरीत भाड्याचा गाळा घेतला. सोबत एक भागीदार. नाव लिहीत नाही, त्याला फुकट जाहिरात कशाला? अक्षर माझं, उधारी वसूल करणं त्याचं. पहिलं मोठं काम गुजरीतल्या एका सराफांचं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पाटी बघून म्हणाले, "रफार वरच्या पट्टीला चिकटलाय, काढा." पुसली आणि पुन्हा लिहिली. तेव्हापासून शिरोरेघ मारण्याआधी वर वेलांटी-रफाराची आणि खाली उकाराची जागा मोजतो. खारीच्या केसाचा तो सहा नंबरचा ब्रश अजून माझ्याकडे आहे. काम झालं की रॉकेलमध्ये धुवायचा, खोबरेल लावून टोक जुळवायचं आणि आडवा ठेवायचा. हल्लीची पोरं डब्यात उभा सोडतात. केस वाकले की ब्रश मेला.

२००४ नंतर गावात फ्लेक्स शिरला. भागीदार म्हणाला, मशिन घेऊ. मी नको म्हणालो. पुढच्या दिवाळीत तो वेगळा झाला, ठीक. पण जाताना माझ्या अक्षरांचे कागदी खाके 'जरा बघायला' नेले. सहा महिन्यांनी स्टँडजवळच्या एका बोर्डावर माझा 'ल' दिसला. खालची गाठ माझीच, पण कॉम्प्युटरवर ओढून रुंद केलेला : उभा दांडा जाडजूड, शिरोरेघ तेवढीच बारीक. स्कॅन करून विकत होता. जाब विचारला तर म्हणाला, "अक्षर काय कुणाच्या बापाचं असतं व्हय?"

त्या रागात २००८ ला मी कर्ज काढून फ्लेक्स छापायचं दहा फुटी सॉल्व्हंट मशिन आणलं. रागाच्या भरात मशिन घेऊ नये, हे लिहून ठेवा. सुरुवातीला तिशीत असलेला फुटाचा दर दहाच्या खाली आला, कारण गल्लीत सहा मशिनं आणि सगळ्यात खालचा दर त्या भागीदाराचा. मशिनच्या हेडचे शाई सोडणारे नोझल तुंबायचे. वाढदिवसाचे फ्लेक्स नेणारे कार्यकर्ते वाढदिवस झाला की फोन उचलत नसत. बँकेचा माणूस गाळ्यात येऊन बसायचा, बायको त्याला चहा द्यायची आणि आत जाऊन रडायची. शेवटी तिच्या पाटल्या गेल्या. त्या अण्णांनीच ठेवून घेतल्या, मोडल्या नाहीत. म्हणाले, "पेंटर, फेडाल तेव्हा न्या." २०११ ला मशिन निम्म्याहून कमी किमतीत काढलं.

पुढची आठ वर्षं काम चाललं, पाटल्या घरी आल्या, सांगण्यासारखं काही नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गाळ्यात कमरेच्या वर पाणी. नंतरचे खाके गेले, ब्रशांचा डबा मुलानं आधीच माळ्यावर टाकला होता. आता तो, मी आणि दोन मुली, चौघं मिळून हातानं पाट्या लिहितो; पुण्याचे कॅफेवालेही बोलावतात. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आधी आणि कागदी नमुन्यावर गिऱ्हाइकाची सही, ऱ्हस्व-दीर्घासकट. नवीन लोकांनी हे शिकावं.

मध्यंतरी त्या जुन्या भागीदाराच्या दुकानावर पेपरात बातमी आली : 'अक्षरांचा जादूगार'. फोटोत मागच्या बोर्डावर माझा 'ल' आहे. कात्रण कपाटात ठेवलंय.

अण्णांनी परवा निरोप धाडलाय, पाटीचा सोनेरी फिका पडलाय, हात मारून द्या. दर मात्र १९९४ चाच धरून बसलेत.